कापल्या गालाचा राजा

बाबांच्या पेटीत अकरा नाणी होती. सगळी चांदीची, सगळी युरोपातल्या राजांची. सगळ्यात जुनं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, सगळ्यात नवं सव्वादोनशे. एवढ्या लांबची चांदी इंदोऱ्याच्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या पेटीत कशी येऊन पडली, असं लोक विचारायचे. उत्तर साधं होतं. परदेशी व्यापारी ही नाणी जहाजं भरभरून आणायचे आणि आपल्याकडचं कापड, मसाले घेऊन जायचे. बरीचशी टांकसाळीत वितळली, त्यांचे रुपये झाले. थोडी कोणाच्या गळ्यातल्या माळेत गेली, कोणाच्या गाठोड्यात राहिली, आणि कितीतरी पिढ्यांनंतर जुन्या तोड्यांसोबत इतवारीच्या सराफ्यात मोडीला आली. मोड म्हणजे गाळायला दिलेली जुनी चांदी. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे सराफ होते. मोडीत असं नाणं आलं की ते भट्टीत टाकण्याआधी बाजूला ठेवायचे आणि बाबांना निरोप धाडायचे. बाबा सायकलने जायचे. पण घेतीलच असं नाही. पुष्कळदा रिकाम्या हाताने परत यायचे.

"काय झालं?" आई विचारायची.

"नाणं चांगलं होतं. आपल्या कामाचं नव्हतं."

चांगलं आहे आणि कामाचं नाही, हे मला लहानपणी कळायचं नाही. मी कधी विचारलंही नाही. आता विचारावंसं वाटतं, तर सांगणारे नाहीत.

बाबा महाल भागातल्या एका छोट्या छापखान्यात होते. आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळे गेले, संगणक आला, तेव्हा मालकाने त्यांना मुद्रितं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासायला बसवलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं असं सगळं काम यायचं, पण बाबांचा जीव होता पुस्तिकांमध्ये. सोळा पानी, बत्तीस पानी, पिनांच्या, स्वस्त कागदाच्या पुस्तिका. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ताडपत्री अंथरून बाबा त्या विकायचे आणि मी त्यांच्या बाजूला गठ्ठ्यावर बसलेली असायची. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवरून. आठव्या वर्षी मला मुद्रितं तपासायच्या खुणा येत होत्या. शब्द काढायचा असेल तर त्यावर रेघ मारायची. आणि काढलेला शब्द परत ठेवायचा असेल तर त्याच्या खाली टिंबांची ओळ द्यायची. टिंबं म्हणजे, आहे तसं राहू द्या.

घरात भिंतीवर दोनच तसबिरी होत्या आणि नियम एकच होता. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून पाहायचं. शाळेत बाईंनी काही सांगितलं आणि मी ते घरी येऊन तसंच म्हटलं, तर बाबा चष्म्यावरून बघायचे. "तू पाह्यलं का?" एवढंच.

पेटी रविवारी सकाळी उघडायची. नाणी कागदाच्या पाकिटांत असायची. पाकिटं बाबांनीच रद्दी मुद्रितांच्या कागदाची चिकटवलेली, त्यामुळे त्यांवर कुठल्यातरी पुस्तिकेच्या अर्ध्या ओळी आणि लाल शाईच्या दुरुस्त्या असायच्या. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने एक वर्तुळ आणि त्यात एखादी आडवीतिडवी रेघ. बाबांना चित्र काढता येत नाही, म्हणून नुसतं वर्तुळ काढून सोडून दिलं असेल, असं मी धरून चालले होते.

ते एक-एक नाणं माझ्या तळहातावर ठेवायचे. त्याचं वजन मला अजून आठवतं. आपल्या रुपयाच्या कितीतरी पट, हात किंचित खाली जायचा. एका राजाचा खालचा ओठ आणि जबडा एवढा पुढे आलेला की आम्ही त्याला जबड्या म्हणायचो. एकाच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप होता. एक राणी होती, अंगाने भरलेली, आई तिला मावशी म्हणायची. आणि बाबांचा सगळ्यात आवडता म्हणजे स्पेनचा राजा, डोक्याला पानांची माळ, आणि गालावर कानापासून ओठापर्यंत खोल, सरळ खाच. कापल्या गालाचा राजा.

"काय दिसून राहिलं तुले?" बाबा विचारायचे.

"मोठ्ठं नाक."

"अजून पाह्य."

"डोक्यावर पानं. मागे शेंडीसारखं बांधलंय."

"अजून पाह्य वं."

मी पाहायचे. केस, हनुवटी, कडेची अक्षरं. बाबा वाट पाहायचे आणि मग हसून नाणं परत घ्यायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "भरला वाटते दरबार! राजेलोकाइले चहा पाह्यजे का?"

"त्याइले नको, मले दे," बाबा म्हणायचे.

दर रविवारी हेच. तोच विनोद, तीच दोन वाक्यं, आणि ती दोघंही दर वेळी हसायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी चांदीबद्दल वाचलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगराबद्दल, ज्याच्या पोटात तिथल्या मूळ माणसांना वेठीला धरून उतरवलं गेलं, पिढ्यानपिढ्या. ते खाली जायचे आणि किती परत यायचे याची कोणाला पर्वा नव्हती. वर आलेल्या चांदीवर राजाचं तोंड उमटायचं. मी ते वाचलं तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कापल्या गालाचं नाणं माझ्या हातावर ठेवलं.

"काय दिसून राहिलं तुले?"

"रक्त दिसून राहिलं," मी म्हटलं. "आपल्या घरात राजाचे चेहरे काहून बाबा? आपल्या? दुसऱ्या कोणाच्या घरात असते तर तुम्हीच पुस्तिका छापली असती."

बाबांनी नाणं परत पाकिटात घातलं. मग म्हणाले, "मग तू लिह्य."

मी लिहिली. आठ पानी. नाव दिलं, ‘आमच्या घरातले राजे’. आजही त्यातल्या चांदीच्या भागाचा एक शब्द मी मागे घेणार नाही. पण त्यात एक वाक्य होतं: ‘माझ्या बापाच्या पेटीत अकरा राजे सुखाने झोपले आहेत आणि माझा बाप दर रविवारी त्यांना उठवून त्यांची तोंडं पाहतो.’ मुद्रित हातात आलं तेव्हा ते वाक्य वाचून माझा धीर सुटला. मी त्यावर रेघ मारली. मुद्रित अर्थातच बाबांकडे गेलं. माझ्या लेखाचं मुद्रित दुसरं कोण तपासणार? त्यांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, आणि त्या खोडलेल्या वाक्याखाली लाल शाईने टिंबांची ओळ दिली.

"हे काहून ठेवलं?" मी विचारलं.

"लिहिलं होतं ना? पटलं म्हणून लिहिलं ना?"

"हो, पण..."

"मग राहू दे. भिऊन खोडाचं नाही."

त्या दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने ती पुस्तिका ताडपत्रीवर मांडली, पहिल्या रांगेत. छापखान्यातला त्यांचा सोबती येऊन चाळून गेला. "तुया पोरीनं तर तुलेच छापलं गा!" तो म्हणाला. "मंग? मीच छापलं," बाबा म्हणाले. गठ्ठा संपला.

आणि पेटी माळ्यावर गेली. भांडण नाही, अबोला नाही. नुसती रविवारची सकाळ रिकामी झाली. बाबा पेपर वाचायचे. आई कपडे भिजवायची, दरबाराचं नाव कोणी काढायचं नाही. मी जिंकले होते. दोन वर्षं मी जिंकलेलीच होते, आणि दर रविवारी सकाळी मला तळहातावर ते वजन हवंहवंसं वाटायचं. हे कोणाला सांगणार? आठ पानं लिहून छापली होती.

शेवटी मी ठरवलं की बाबांचा मान राखेल असं काहीतरी करायचं. माफी मागणं आमच्या घरात कोणाला जमलेलं नाही. एका दुपारी घरी कोणी नसताना मी माळ्यावर चढले, पेटीतून कापल्या गालाचं नाणं काढलं आणि इतवारीत गेले. बाबांच्या सराफांकडे नाही, ते बाबांना सांगतील म्हणून. त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे ओट्यावर बसणारा एक कारागीर होता, तुटलेली पैंजणं, वाकलेले करंडे दुरुस्त करून द्यायचा. त्याला मी नाणं दाखवलं आणि खाचेवर बोट ठेवलं.

"हे बुजवता येईल?"

"न यायला काय झालं? भरतो आणि उजाळा देतो. ओळखू येणार नाही."

त्याने खाचेत चांदीचा तुकडा ठेवला, फुंकणीने ज्योत त्यावर वळवली, चांदी वितळून खाच भरली. मग कानशीने घासलं, रिठ्याच्या पाण्यात ब्रशने धुतलं. सराफ्यात चांदीची वस्तू काळी परत देत नाहीत, तो गिऱ्हाइकाचा अपमान समजतात. नाणं आरशासारखं झालं. राजाचा गाल लहान मुलासारखा गुळगुळीत. जिने राजाचं तोंड घरात नको म्हणून पुस्तिका काढली, तिनेच त्याचा गाल भरून आणला. मला तेव्हा यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, बाबांच्या लाडक्या नाण्यातला दोष काढला.

रविवारी मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा सवयीने गालावर गेला आणि तिथे थांबला. पुढे गेला, मागे आला. त्यांनी नाणं खिडकीशी नेलं.

"छान झालं वं," ते म्हणाले. "कसा भरून आला गाल."

मग माळ्यावरून पेटी त्यांनी स्वतः उतरवली. आईने आतून ओरडून दरबार भरवला. मला माझे रविवार परत मिळाले. एवढंच, की ते नाणं आता पेटीत नसायचं. बाबा ते पाकिटासकट सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, छापखान्यात न्यायचे, मुद्रित तपासताना डाव्या हातात धरून बसायचे. मला अभिमान वाटायचा. आणि त्यानंतर त्यांनी मला काय दिसून राहिलं, हे कधी विचारलं नाही. मी मोठी झाले म्हणून असेल, असं मी समजले.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, सकाळी चपला घालताना बाबा खाली बसले आणि उठले नाहीत.

यंदा मला शहराच्या टोकाला, बेसाकडे नोकरी लागली आणि तिथेच आम्हा दोघींसाठी भाड्याने घर घेतलं. सामान बांधताना आईने पेटी पुढे केली. बाबांच्या खिशातलं पाकीटही तिने त्यातच ठेवलं होतं. "तुह्या या राजेलोकाइचं काय कराचं? नेतं का बेसाले, का टाकू मोडीत?" मला वाटलं, ज्याला यातलं कळतं अशा कोणाकडे ही नाणी जावीत. मी पेटी घेऊन बाबांच्या सराफांकडे गेले.

ते आता फार म्हातारे झालेत. मुलगा गल्ल्यावर बसतो, ते मागे गादीवर. मी कोणाची मुलगी हे सांगितल्यावर त्यांनी हात जोडले, भिंग मागवलं आणि एक-एक पाकीट उघडून नाणी पांढऱ्या कापडावर मांडली. राजे सरळ मांडले नाहीत. कोणी आडवा, कोणी उलटा. दहा नाणी मांडून ते म्हणाले, "आता बघ बेटा, काय माल जमवला तुझ्या बाबानं. एक घाव दुसऱ्यासारखा नाही."

मी पाहिलं. त्यांनी प्रत्येक नाण्याची खाच वर केली होती. जबड्याच्या कपाळात छिन्नीचा उभा चर. टोपवाल्याच्या गळ्यावर तीन छोटे ठसे. मावशीच्या खांद्यावर आरपार काप. मी हे सगळं लहानपणापासून पाहत आले होते, जुनं आहे, झिजलंय, ठेचलंय म्हणून सोडून देत आले होते.

"हे आमच्यासारख्यांनी केलंय," सराफ म्हणाले. "जुन्या काळच्या सराफांनी. परका व्यापारी म्हणे, हे पाहा, आमच्या राजाचं नाणं, अस्सल. आपला माणूस म्हणे, असंल तुझा राजा. आणि सरळ त्याच्या तोंडावर छिन्नी. आत तांबं तर नाही ना, पाहाले. असं कापलेलं नाणं शौकीन लोक घेत नाहीत, खराब म्हणतात. तुझा बाबा फक्त तेच घ्यायचा. चांगलं गुळगुळीत दाखवलं तर म्हणे, हे याइनं तपासलंच नाही, मानून घेतलं. मले नको."

पाकिटं बाजूला पडली होती. मी ती ओळीने लावली. वर्तुळ आणि रेघ. वर्तुळ आणि तीन टिकल्या. वर्तुळ आणि आरपार काप. अकरा वर्तुळं, आणि एकातही राजा नव्हता. बाबांनी जे पाहिलं तेवढंच काढलं होतं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. "मी एवढं लिहिलं त्यांच्याविरुद्ध. एका वाक्यात सांगता आलं असतं."

"मी बोललो होतो त्याले. पोरगी चारचौघांत बोलून राहिली, सांगून का नाही टाकत? तर म्हणे, सांगितलं तर ती नुसती मानंल. तिनं पाहाले पाह्यजे." सराफांनी अकरावं पाकीट उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. नाणं दोनदा उजेडाकडे फिरवलं. "हे कोणी बुजवलं? याच्यावरचा घाव तर सगळ्यात भारी होता. पहिलं नाणं होतं हे त्याचं."

मी सांगितलं, मी.

त्यांनी नाणं परत पाकिटात घातलं, माझ्या हातात दिलं आणि मुलाला पाणी आणायला सांगितलं.

मी पाणी न पिता उठले. पेटी तिथेच ठेवली, येते म्हटलं आणि दोन गल्ल्या पलीकडे त्या ओट्याकडे गेले. मला एकच कळत होतं. बाबांच्या हातून मी जे काढून घेतलं होतं ते परत मिळवायचं. भरलेली चांदी काढायला लावायची. आत कुठेतरी ती खाच असेलच ना, तशीच्या तशी. कारागीर ओट्यावरच होता. मी विचारलं.

"भरलेली काढता येते ताई," तो म्हणाला. "पण खालची कड माझ्याच कानशीनं गेली ना. जुना घाव तसाच्या तसा नाही निघायचा. तुम्ही म्हणत असाल तर छिन्नीनं नवा करून देतो. हुबेहूब. कोणाले समजणार नाही."

हुबेहूब. मी हो म्हणणार होते. हजारो कोसांवरून आलेल्या राजाला न मानणाऱ्या एका माणसाची छिन्नी, आणि तिची नक्कल ओट्यावर बसून पाच मिनिटांत. त्याने ज्योत पेटवली. मी पाकीट घाईने उघडलं, त्याची पट्टी सुटून उलटी झाली.

पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. बाबांचं अक्षर मला कुठेही ओळखता येतं. ‘भरला. लेकीनं.’ आणि त्या शब्दांखाली, खिशात ठेवून ठेवून पुसट झालेली, टिंबांची एक ओळ.

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"बोला ताई," कारागीर म्हणाला. "ज्योत जळून राहिली. काय करू?"

"काही नाही. राहू द्या."

"मंग उजाळा तरी देतो. पार काळं पडलं."

खरंच काळं पडलं होतं. बाबांच्या घामाने, अंगठ्याने, शाईच्या बोटांनी. "नको," मी म्हटलं. "तेही राहू द्या."

पेटी मी बेसाला आणली. इथे रस्ते अजून व्हायचेत, समोर तीन इमारतींचं काम चालू आहे आणि रविवारीही सिमेंटचा मिक्सर फिरत असतो. परवा सकाळी खिडकीशी उजेड बरा होता. मी अकराही पाकिटं उघडली, नाणी ओळीने मांडली, खाच वर करून. अकरावं तळहातावर घेतलं. उजेडात तिरकं धरलं की गालावर भरलेली चांदी थोडी पांढरट दिसते, कानापासून ओठापर्यंत. अंगठ्याला मात्र काहीच लागत नाही. मी अंगठा फिरवत राहिले. काय दिसून राहिलं, असं कोणीतरी विचारावं म्हणून थांबून राहिले. आता मी नाक सांगितलं नसतं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"भरला का वं दरबार?" आईने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "राजेलोकाइले चहा पाह्यजे का?"

मी म्हटलं, "त्याइले नको. मले दे."

थोड्या वेळाने पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.